विद्यार्थ्याची चूक हजार किलोमीटरवरून कशी दिसते?

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. ८ जून १९५१ रोजी तिथे एक शाळा सुरू झाली. शाळेत शिक्षक होते, धडे होते, वेळ ठरलेली होती. समोर विद्यार्थी मात्र एकही नव्हता. मुलं होती शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या गुरांच्या कुरणांवर. त्या ओसाड मुलखात विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांसाठी रेडिओचं जाळं आधीच उभं राहिलं होतं. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने त्यासाठी पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला होता, कारण वीज नव्हतीच. शाळा-निरीक्षक राहिलेल्या ॲडलेड मीथकी यांच्या लक्षात आलं, की इथली पोरं या रेडिओवर बोलायला जराही बुजत नाहीत. मग याच रेडिओवर शाळा का भरवू नये? ती भरली. तिचं नाव ‘स्कूल ऑफ द एअर’. ती आजही चालू आहे आणि तिचा पसारा दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. आपला अख्खा महाराष्ट्र त्यात तीनदा मावेल.

या शाळेच्या इतिहासातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुरुवातीचे धडे एकतर्फी होते. शिक्षकांनी बोलायचं, मुलांनी ऐकायचं. लवकरच प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरं जोडावी लागली. आवाज पोचला एवढ्याने शिकवणं होत नाही, हे सुरुवातीलाच उघड झालं होतं.

दूरशिक्षणाची सगळी गोम इथे आहे. शिक्षकाचं बोलणं लांब नेणं कधीच फारसं कठीण नव्हतं. टपालाने नेलं, रेडिओने नेलं, दूरदर्शनने नेलं. परतीची वाट मात्र अवघड. वर्गात उभा असलेला प्राध्यापक चेहऱ्यांवरून ओळखतो की मागच्या तीन बाकांना काहीही कळलेलं नाही. लांब बसलेल्या विद्यार्थ्याची कपाळावरची आठी त्याला कशी दिसणार? स्वाध्यायाची वही येते, तपासून परत जाते, तोवर विद्यार्थी आपली चूक विसरून पुढच्या घटकावर पोचलेला असतो. गेल्या पंचवीस वर्षांत विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी जी सॉफ्टवेअर बनली, त्यांतली खरी थक्क करणारी या परतीच्या वाटेवर काम करणारी आहेत. व्हिडिओ कॉल त्यामानाने किरकोळ गोष्ट.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत वाढलेला आणि अशाच हवेतल्या शाळेत रेडिओवरून शिकलेला एक मुलगा पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात नोकरीला लागला. मार्टिन डूगियामास त्याचं नाव. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडे ‘वेबसीटी’ नावाची, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारी प्रणाली सांभाळायचं काम होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी ती घडवली होती आणि जगभरची विद्यापीठं ती वापरत होती. डूगियामासला ती पटेना. त्याने स्वतःचीच प्रणाली लिहायला घेतली आणि २० ऑगस्ट २००२ रोजी ‘मूडल’ची पहिली आवृत्ती सगळ्यांना मोफत, मूळ कोडसकट देऊन टाकली. आज ती शंभराहून जास्त भाषांत भाषांतरित झाली आहे. मराठीही त्यात आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट मूडलवरच जमा होतात, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ इंजिनिअरांनी तिथे मुदतीच्या शेवटच्या मिनिटाला घाम गाळलेला असणार.

वरवर पाहिलं तर मूडल ही फायली ठेवायची जागा. नोट्स चढवा, तारखा लावा, गुण भरा. असं वापरणारेच जास्त, हेही कबूल केलं पाहिजे. पण डूगियामास त्या काळात कर्टिनमध्येच माणसं एकमेकांसाठी काहीतरी घडवताना कशी शिकतात यावर संशोधन करत होता, आणि ते विचार त्याने कोडमध्ये बारीक बारीक जागी पेरून ठेवले आहेत. मूडलच्या चर्चापीठावर विद्यार्थ्याने काही लिहिलं, की ते बाकीच्यांना ईमेलने लगेच जात नाही. मूळ मांडणीत तीस मिनिटं थांबतं. तेवढ्या वेळात लिहिणाऱ्याला आपलं वाक्य सुधारता येतं, रागाच्या भरात लिहिलेलं पुसता येतं. चर्चापीठाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात प्राध्यापक प्रश्न टाकतात, पण स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय विद्यार्थ्याला इतरांची उत्तरं दिसत नाहीत. लिहिल्यावरही ती सुधारणेची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. नाहीतर काहीबाही खरडायचं, दुसऱ्याचं वाचायचं आणि आपलं दुरुस्त करायचं, हा मार्ग खुला राहिला असता. वर्गात पहिल्या बाकावरची हुशार मुलगी तोंड उघडते आणि बाकी पन्नास जण विचार करणं थांबवतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच असं कुलूप सुचतं.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये मूडल स्वीकारायचं ठरवलं, तेव्हा चित्र पालटलं. १९७१ पासून घरबसल्या पदवीचं शिक्षण देणारी ही संस्था. प्रश्न विचारण्याचं आणि तपासण्याचं शास्त्र तिने वर्षानुवर्षं घोटलं होतं. तिथल्या टिम हंट यांनी मूडलचं प्रश्न हाताळणारं इंजिन नव्याने लिहिलं आणि २०११ साली ते सर्वांच्या मूडलमध्ये आलं. म्हणजे एका विद्यापीठाने स्वतःच्या गरजेसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी जगातल्या कुठल्याही खेड्यातल्या कॉलेजची झाली. याच काळात उलटी गोष्टही घडत होती. ‘ब्लॅकबोर्ड’ या बड्या कंपनीला २००६ मध्ये अमेरिकेत अशा प्रणालींचं पेटंट मिळालं आणि तिने एका प्रतिस्पर्ध्याला कोर्टात खेचलं. २००९ मध्ये अपील कोर्टाने त्या पेटंटचे दावे अवैध ठरवले. तसं झालं नसतं तर ऑनलाइन वर्ग भरवण्यासाठी कोणाकोणाची परवानगी घ्यावी लागली असती, देव जाणे.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो.

संगणकाने पेपर तपासायचा म्हटलं, की आपल्याला चार पर्याय आणि एक गोल आठवतो. गोल बरोबर की चूक, एवढंच कळतं. विद्यार्थी का चुकला, हे त्या गोलात दडूनच राहतं. गणित शिकवणाऱ्यांची तर फारच कुचंबणा. एक्स स्क्वेअरचं इंटिग्रेशन करा, असा प्रश्न घ्या. एक मुलगी लिहिते, एक्स क्यूब भागिले तीन, अधिक सी. दुसरा लिहितो, एक तृतीयांश एक्स क्यूब, अधिक के. तिसरी सगळं एकाच छेदावर घेऊन लिहिते. तिघंही बरोबर. उत्तर अक्षराला अक्षर जुळवून पाहणारं यंत्र यातल्या दोघांना शून्य देईल.

बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी २००४ च्या सुमारास यावर ‘स्टॅक’ नावाची प्रणाली लिहिली. पुढे ते एडिनबरोला गेले, प्रणाली मूडलमध्ये बसली आणि अजून वाढते आहे. तिच्या पोटात ‘मॅक्सिमा’ हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर आहे. त्याचं घराणं जुनं. एमआयटीमध्ये १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅक्सिमा’च्या पूर्वजाची एक प्रत टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर १९८२ पासून जपत होते. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती मुक्तपणे वाटायची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. त्यांनी ती खटपट केली नसती तर गणित तपासणाऱ्या या प्रणालीला फुकटचा मेंदू मिळाला नसता.

स्टॅक काय करतं? ते विद्यार्थ्याचं उत्तर नमुना उत्तराशी जुळवत बसत नाही. उत्तराचे गुणधर्म तपासतं. इंटिग्रेशन बरोबर आहे का हे पाहायला ते विद्यार्थ्याचं उत्तर डिफरन्शिएट करतं, म्हणजे उलटी क्रिया करतं. मूळचं एक्स स्क्वेअर परत मिळालं? मग उत्तर कसंही मांडलेलं असो, ते बरोबर. नंतर ते पाहतं, अधिक सी लिहिलंय का? नसेल तर अर्धे गुण आणि एक ओळ: स्थिरांक राहिला. उत्तर ‘दोन एक्स’ आलं असेल तर? याने इंटिग्रेशनऐवजी डिफरन्शिएशन केलंय. तसं सांगणारी वेगळी ओळ. प्रत्येक प्रश्नामागे प्राध्यापक अशा फाट्यांचं झाड लावून ठेवतात. या फांदीवर आलास तर तुझी ही चूक, त्या फांदीवर गेलास तर ती. विद्यार्थी रात्री साडेअकराला चुकतो आणि साडेअकरालाच त्याला कळतं, की तो नेमका कुठल्या वळणावर घसरला.

याहून गमतीचा प्रश्न बघा. ‘एखाद्या ऑड फंक्शनचं उदाहरण द्या.’ म्हणजे एक्सच्या जागी उणे एक्स घातलं की ज्याचं फक्त चिन्ह बदलतं, असं. उत्तरं अनंत! एक्स चालेल, एक्स क्यूब चालेल, साइन एक्स चालेल. कागदावर तीनशे विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारायची कुणाची छाती होणार नाही, तपासताना जीव जाईल. स्टॅक शांतपणे विद्यार्थ्याच्या फंक्शनमध्ये एक्सच्या जागी उणे एक्स घालतं, ते मूळ फंक्शनमध्ये मिळवतं आणि शून्य आलं का ते पाहतं. एखाद्या बिलंदराने उत्तरात नुसतं शून्य लिहिलं तर? तेही बरोबरच आहे, पण ते ईव्हनसुद्धा आहे, म्हणजे उणे एक्स घालूनही बदलत नाही. त्याच्यासाठी प्राध्यापक वेगळी फांदी ठेवू शकतात: शाब्बास, आता शून्याखेरीज दुसरं सांग. यंत्र आल्यामुळे प्रश्न सोपे करावे लागतील ही भीती होती. इथे यंत्रामुळे असे मोकळे प्रश्न विचारता येऊ लागले, जे माणसाला तपासायला परवडत नव्हते.

तपासण्याआधीची एक पायरीही शहाणपणाची आहे. विद्यार्थ्याने टाइप केलेलं यंत्र आधी नीट गणिताच्या मांडणीत दाखवतं आणि विचारतं, तुला हेच म्हणायचंय ना? कंस विसरल्याची चूक वेगळी, गणित न समजल्याची चूक वेगळी. पहिलीचे गुण कापायचे नाहीत.

शिवाय प्रत्येकाला आकडे वेगळे. शेजाऱ्याचं उत्तर उतरवून उपयोग नाही. उतरवायची असेल तर रीत उतरवा, आणि तेवढं केलंत तर शिकलातच. पण इथे प्राध्यापकांचीही परीक्षा लागते. एक्सचा कुठलातरी घात यंत्राला मनाने निवडू दिला आणि त्याने नेमका उणे एक निवडला, तर त्या एका दुर्दैवी विद्यार्थ्याच्या वाट्याला साध्या नियमात न बसणारं इंटिग्रेशन येतं. त्याचं उत्तर लॉगमध्ये निघतं. म्हणून स्टॅकमध्ये प्राध्यापकाने आपल्या प्रश्नाच्या आवृत्त्या आधी चालवून पाहायच्या, चाचण्या लावायच्या आणि मगच त्या मुलांपुढे सोडायच्या अशी सोय आहे. आणि यंत्राचीही एक हद्द आहे. दोन राशी समान आहेत की नाहीत हे सर्वच प्रकारच्या फंक्शनांसाठी हमखास ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं. पदवीच्या अभ्यासक्रमात ही हद्द सहसा आडवी येत नाही, पण ती तिथे आहे हे ठाऊक असलेलं बरं.

कुणी म्हणेल, आता चॅटजीपीटी आलंय, हे झाड-बिड कशाला? माझं मत सांगतो. बोलका सोबती म्हणून ते ठीक. पण ज्यावर गुण अवलंबून आहेत, तिथे एकाच उत्तराला दर वेळी एकच निकाल मिळायला हवा आणि तो का मिळाला हे बोट ठेवून दाखवता यायला हवं. स्टॅक ते दाखवू शकतं.

गणिताबाहेरही अशी अफलातून डोकी चालली आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टोनी गार्डनर-मेडविन नावाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने अंदाजाने ठोकलेलं बरोबर उत्तर त्यांना सलत असे. त्यांनी गुण देण्याची एक पद्धत घडवली आणि तीही आज मूडलमध्ये आहे. उत्तरासोबत तुमची खात्री किती, तेही सांगायचं: थोडी, मध्यम की पक्की. थोडी खात्री आणि उत्तर बरोबर, तर एक गुण. चुकलं तर शून्य. मध्यम खात्रीला बरोबर असल्यास दोन, चुकल्यास उणे दोन. पक्की खात्री सांगितलीत आणि बरोबर निघालात तर तीन. चुकलात तर उणे सहा!

हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. गणित करून पाहा. बरोबर असण्याची तुमची शक्यता दोन तृतीयांशाहून कमी असेल तर ‘थोडी’ म्हणण्यातच सरासरी फायदा आहे. दोन तृतीयांश ते चार पंचमांश असेल तर ‘मध्यम’. चार पंचमांशाच्या वर असेल तरच ‘पक्की’. म्हणजे या योजनेत बढाई मारून लाभ नाही आणि उगाच नम्रता दाखवूनही नाही. मनात जेवढी खात्री आहे तेवढीच सांगणाऱ्याला सर्वांत जास्त गुण. आणि प्राध्यापकाला काय मिळतं? चुकीची गोष्ट छातीठोकपणे खरी मानणाऱ्यांची यादी. ज्याला येत नाही आणि येत नाही हे माहीत आहे, तो पुस्तक उघडेल. ज्याला चुकीचा डोस पक्का पाठ आहे त्याला आधी गाठायला हवं. साध्या परीक्षेत या दोघांनाही सारखाच भोपळा मिळतो.

परीक्षा झाल्यावर मूडल आणखी एक तक्ता काढून देतं, आणि तो फार थोडे प्राध्यापक उघडून पाहतात. त्यात प्रत्येक प्रश्नापुढचे दोन आकडे महत्त्वाचे. पहिला, सरासरी किती टक्के गुण मिळाले. तो समजायला सोपा. दुसरा अधिक खोल: एकंदर परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्यांनाच हा प्रश्न आला का? आला असेल तर आकडा चांगला धन येतो. कधीकधी तो उणे येतो. म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली. असं दिसलं की मुलांकडे बघू नका, प्रश्नाकडे बघा. बहुधा उत्तरसूचीत चुकीचा पर्याय नोंदला गेलेला असतो, किंवा जास्त विचार करणाऱ्यालाच सापडेल अशी दुसरी वाट प्रश्नात राहून गेलेली असते. विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका तपासता तपासता यंत्र गुपचूप प्राध्यापकांचीही तपासून ठेवतं.

थेट तासाबद्दल थोडक्यात. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये ‘बिगब्लूबटन’ सुरू झालं आणि २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून ते मूडलच्या अंगाचाच भाग आहे. तेही मोफत, तेही खुलं. तासाची नोंद ठेवण्याची त्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. ते पडद्याचं निव्वळ चित्रीकरण करून थांबत नाही. कुठली स्लाइड किती वाजता आली, पेनाची रेघ कुठून कुठे आणि कोणत्या क्षणी ओढली, गप्पांत कोण काय म्हणालं, हे वेगवेगळं टिपतं आणि पाहताना आवाजासोबत पुन्हा जुळवतं. गाणं ध्वनिमुद्रित करण्याऐवजी त्याची स्वरलिपी जपून ठेवावी तसं. त्यामुळे पेनाची रेघ कितीही मोठी केली तरी फुटत नाही आणि हव्या त्या स्लाइडवर थेट उडी मारता येते. ज्याच्या मोबाइलला रेंज जेमतेम मिळते त्याच्यासाठी मूडलच्या ॲपमध्येही सोय आहे: प्राध्यापकांनी मुभा दिली असेल तर चाचणी उतरवून घ्या, रेंज नसताना सोडवा, रेंज आली की उत्तरं आपोआप पोचतील. ही मुभा देणारी खूण चाचणीच्या सेटिंगमध्ये असते आणि बरेचदा ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता आपल्याकडे पाहा. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. घरोघरी पोचवण्याचं काम त्या पिढीने छापील पुस्तकं आणि अभ्यास केंद्रं उभी करून पार पाडलं. घराघरांतून परत काय येतं, ते ऐकण्याची साधनं त्यांच्या हाती नव्हती. आपल्या हाती ती आहेत. एका पैशाचा परवाना लागत नाही.

लागतं ते वेगळंच. स्टॅकच्या त्या झाडाची एकही फांदी यंत्राला आपणहून सुचत नाही. मुलं ‘अधिक सी’ विसरतात हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला. संस्कृतच्या बाईंना माहीत असतं मुलं कोणत्या संधीला हमखास फसतात, अर्थशास्त्राच्या सरांना माहीत असतं मागणी आणि मागणीतला बदल यांत कुठे गल्लत होते. हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं नसतं आणि सर निवृत्त झाले की त्यांच्यासोबत घरी जातं.

तेव्हा प्राध्यापकहो, एवढं करा. या सत्राचे पेपर तपासताना शेजारी एक वही ठेवा आणि पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका तीत उतरवा, प्रत्येक चुकीपुढे त्या मुलाला तुम्ही समोर बसवून काय सांगितलं असतं तेही मराठीत लिहा. मग कॉलेजच्या संगणक विभागातल्या एखाद्या उत्साही पोराला गाठा आणि पहिला प्रश्न मूडलवर चढवा.